‘सांगली कशासाठी प्रसिद्ध आहे?’ : हळदीविषयीच्या सहा प्रश्नांचे सविस्तर उत्तर

वाई तालुक्यातील एका शाळेच्या शिक्षिकाबाईंनी मुलांच्या सामान्यज्ञान स्पर्धेसाठी प्रश्नसंच तयार करताना हळदीविषयीचे सहा प्रश्न माझ्याकडे पाठवले आहेत. सांगलीला हळदीचे शहर का म्हणतात, पेव म्हणजे नेमके काय, राजापुरी हळद कशी ओळखायची, हळदीचा डाग साबण लावताच लाल का होतो आणि कुंकू हळदीपासून होते हे खरे का, भेसळ घरच्या घरी समजते का, आणि अमेरिकेतल्या हळदीच्या पेटंटची हकिकत काय, असे ते प्रश्न आहेत. प्रत्येकाचे उत्तर एका ओळीत द्यावे, असे बाईंनी लिहिले होते. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात आधी नमुने काढणारा पोरगा म्हणून आणि पुढे दिवाणजी म्हणून मिळून ३४ वर्षे काढली आहेत, आणि एका ओळीच्या उत्तराने हळदीच्या बाबतीत किती गैरसमज पसरतात हे रोज पाहिले आहे. म्हणून ओळ ओलांडून लिहीत आहे. स्पर्धेपुरते लागेल तेवढे बाईंनी त्यातून उचलावे.

पहिल्या प्रश्नाचे रूढ उत्तर ‘सांगलीत हळद पिकते म्हणून’ असे दिले जाते. ते चूक नाही, पण अर्धेच आहे. मिरज, वाळवा, पलूस, कडेगाव या बाजूला आणि सातारा जिल्ह्यात कराड, कोरेगाव, वाईकडे हळद पूर्वापार होत आली आहे, कारण कृष्णा आणि वारणेच्या खोऱ्यात पाण्याची सोय आहे आणि निचरा होणारी, भुसभुशीत करता येणारी जमीन आहे. परंतु आजचे पीक पाहिले तर महाराष्ट्रात हिंगोली, नांदेड, परभणी हा पट्टा लागवडीत पुष्कळ पुढे आहे, आणि देशात तेलंगणातील निजामाबाद व तामिळनाडूतील इरोड ही हळदीची मोठी ठाणी आहेत. राष्ट्रीय हळद मंडळाचे उद्घाटन १४ जानेवारी २०२५ रोजी झाले आणि त्याचे मुख्यालय निजामाबादला ठेवले गेले, हेही याच कारणाने. तरीसुद्धा हळद म्हटले की सांगलीचे नाव तोंडी येते. याचे कारण शेतात नसून पेठेत आहे. आमच्या यार्डातील भावाच्या तक्त्यावर राजापुरी हळदीच्या खाली ‘परपेठ’ असा वेगळा रकाना असतो. परपेठ म्हणजे बाहेरच्या पेठांतून विक्रीला आलेली हळद. दुसरीकडे पिकलेला माल गाडीभाडे सोसून सांगलीला का येतो, हे समजले की पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळते.

हळद हे नऊ महिन्यांचे पीक आहे. अक्षय तृतीयेच्या सुमारास लागवडीला सुरुवात होते, पाला वाळून जमिनीवर लोळला की काढणी होते, आणि शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन माल बाजारात येतो तो साधारणपणे फेब्रुवारीपासून पुढचे तीन-चार महिने. याउलट हळद वर्षभर रोज प्रत्येक घरात लागते. म्हणजे वर्षाचा माल एका हंगामात विकत घेऊन, तो न किडता ठेवून, मागणीप्रमाणे सोडणारी पेठ कोठे तरी हवी. त्यासाठी पदरी पैसा असलेले खरेदीदार हवेत, पोत्यातून मूठभर नमुना काढून वक्कलाचा, म्हणजे एकत्र विक्रीला लावलेल्या मालाचा, दर्जा सांगणारी माणसे हवीत, दळणाऱ्या गिरण्या हव्यात, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे साठवणुकीची खात्रीची सोय हवी. सांगलीत हे सर्व एका जागी जमले. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि सांगली ही स्वतंत्र संस्थानाची राजधानी झाली. गणेशदुर्ग आणि गणपती मंदिर ही त्यांच्याच काळातील बांधकामे. राजधानीभोवती पेठ वाढली आणि त्या पेठेत हळद स्थिरावली. पुढे हळदीच्या वायद्यांचे, म्हणजे पुढे द्यायच्या मालाचा भाव आजच ठरवण्याचे, व्यवहार करणारा बाजारही सांगलीतच चालला. शेतमालाच्या वायदेबाजाराचा विषय निघाला की हळद आणि सांगली यांचा उल्लेख जोडीने होतो, तो यामुळे. मुलांना एका वाक्यात सांगायचेच असेल तर असे सांगावे की सांगली ही हळदीची पेठ आहे, आणि त्या पेठेचा पाया हरिपूरच्या मातीत खणलेला आहे.

येथे दुसरा प्रश्न आपोआपच येतो, आणि सहापैकी माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा तोच आहे. हरिपूर हे सांगलीला लागून असलेले गाव. कृष्णा आणि वारणा यांचा संगम तेथे आहे, संगमेश्वराचे देऊळ आहे, आणि नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचे गाव म्हणूनही ते ओळखले जाते. व्यापाऱ्याच्या दृष्टीने मात्र हरिपूर म्हणजे पेवांचे गाव. पेव म्हणजे जमिनीखालचे कोठार. वरून पाहणाऱ्याला एक माणूस जेमतेम उतरेल एवढेच तोंड दिसते. आत उतरत जावे तसतसे ते रांजणासारखे रुंदावत जाते आणि वीस फुटांच्या आसपास खोल जाते. आतून विटांचे बांधकाम नाही, चुन्याचा गिलावा नाही, नुसती माती. हरिपूरच्या मातीचा गुण हा की एवढी पोकळी कोरूनही ती ढासळत नाही आणि पावसाचे पाणी आत झिरपू देत नाही. दुसऱ्या गावच्या मातीत असा खड्डा घेतला तर पहिल्या पावसाळ्यातच बाजू खचतील. तळाला आणि कडेने उसाचे पाचट व चटया लावून हळकुंडे आत सोडायची, तोंडाशी पुन्हा पाचट भरायचे, वर फरशी ठेवून ती मातीने लिंपून टाकायची, एवढीच या कोठाराची सामग्री.

इतक्या साध्या खड्ड्यात हळद वर्षानुवर्षे कशी टिकते, याचे उत्तर हवेत आहे. वाळलेल्या हळदीचा मोठा शत्रू म्हणजे टोके, हळकुंड पोखरणारे बारीक किडे. बारदानात भरून वखारीत ठेवलेल्या हळकुंडाला टोक्याने एकदा भोक पाडले की आतून पीठ पडू लागते आणि वरून धड दिसणारे हळकुंड चिमटीत दाबताच फुटते. पेवाचे तोंड लिंपल्यावर आत अडकलेल्या हवेतील प्राणवायू हळूहळू संपत जातो आणि कर्बवायू वाढत जातो. मालाबरोबर आत गेलेला कीडा त्या हवेत जगत नाही, नवा कीडा आत येत नाही, आणि बाहेर उन्हाळा असो वा पावसाळा, खोल मातीत तापमान फारसे हलत नाही. आजच्या भाषेत याला हवाबंद साठवण म्हणतात, आणि त्यासाठी यंत्रे व जाड प्लास्टिकच्या पिशव्या विकत घेतल्या जातात. हरिपूरकरांनी ती विद्या मातीत साधली होती.

मी पहिल्यांदा पेव उघडताना पाहिले तेव्हा सतरा वर्षांचा होतो. सकाळी लवकर फरशी बाजूला केली, पाचट उपसले, आणि त्यानंतर बराच वेळ कोणी काहीच केले नाही. सगळे बाजूला जाऊन बसले. मला त्या थांबण्याचा अर्थ कळेना. काही वेळाने पेव भरणाऱ्यांतील जुन्या माणसाने कंदील पेटवून दोरीने आत सोडला. ज्योत निम्म्यापर्यंत नीट जळत गेली, मग बारीक झाली आणि विझली. त्याने कंदील वर ओढला, माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि आम्ही पुन्हा बसलो. दुपारी तिसऱ्यांदा सोडलेला कंदील तळाच्या मालापर्यंत जळत गेला, तेव्हाच माणूस उतरला. जो वायू टोक्याला मारतो तोच माणसालाही मारतो, आणि ज्योत विझते तेथे श्वासही टिकत नाही, हे विज्ञान मला शाळेत नव्हे, त्या तोंडाशी बसून समजले. आतून पहिली पाटी वर आली तेव्हा जो वास आला तो वखारीतल्या हळदीला नसतो. थोडा मातीचा, थोडा उसाच्या पाल्याचा आणि त्यावर हळदीचा दाट, उबदार वास.

‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार मुलांना माहीत असतो, पण पेव पाहिलेले नसते. वाक्प्रचारात फुटण्याचा अर्थ मोडणे असा नाही. महिनोन्‌महिने बंद असलेले कोठार उघडले की एकदम अमाप माल बाहेर येतो, त्यावरून एखाद्या गोष्टीचा एकाएकी सुळसुळाट होणे असा अर्थ आला. सोलापूरकडे ज्वारीसाठीही पेवे असत, त्यामुळे हा शब्द हळदीपुरता नाही. मात्र व्यापारी प्रमाणावर हळदीसाठी पेवांचा वापर म्हटला की हरिपूरचेच नाव घ्यावे लागते.

ही पेवे आता फारशी राहिलेली नाहीत. २००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी हरिपुरात शिरले आणि कित्येक दिवस हटले नाही. जी माती पावसाला दाद देत नव्हती, ती नदी डोक्यावर उभी राहिल्यावर काय करणार? आमच्या दुकानाचा माल असलेली दोन पेवे त्यात गेली. पाणी उतरल्यावर तोंड उघडले तेव्हा हळकुंडांच्या जागी पिवळा, आंबूस वासाचा चिखल होता, आणि तो उपसणाऱ्यांचे हात कोपरापर्यंत रंगले होते. त्या पुरानंतर व्यापाऱ्यांनी गोदामे आणि शीतगृहे यांची वाट धरली. शीतगृहात माल चांगला राहतो, बँकेकडून त्यावर कर्ज मिळते, विमा उतरवता येतो, म्हणून त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तरीही पेव खणणारे, लिंपणारे आणि कंदिलाची ज्योत वाचणारे हात एका पिढीत कमी झाले, याचे मला मनापासून दुःख आहे. बाईंनी शक्य असेल तर मुलांची सहल हरिपूरला न्यावी. जुन्या माणसांकडून पेवाची हकिकत ऐकण्यासारखी आहे.

तिसरा प्रश्न राजापुरीचा. हळदीच्या जाती समजण्यासाठी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. हळदीला फूल येते, पण त्यापासून पेरण्याजोगे बी धरत नाही, कारण तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात आणि अशी वनस्पती बीजाच्या बाबतीत वांझ राहते. त्यामुळे हळद नेहमी गड्ड्याचे किंवा हळकुंडाचे बेणे लावूनच वाढवली जाते. आज शेतात असलेली राजापुरी ही आजोबांच्या शेतातील राजापुरीचाच पुढे चालत आलेला तुकडा आहे. म्हणून जात टिकते, आणि म्हणूनच बेणे बिघडले की सगळा गाव बिघडतो. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र आहे आणि ‘कृष्णा’ ही जात तेथूनच आलेली आहे. शेतकऱ्यांत आज सेलम जातीचा प्रसार मोठा आहे; तिचे नाव तामिळनाडूतील सेलमवरून आले. राजापुरीची हळकुंडे तुलनेने आखूड आणि जाड, आतला रंग गडद. ‘सांगली हळद’ या नावाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावता यावे यासाठीची सरकारी नोंद, मिळाले. महाराष्ट्रात त्याआधी, २०१६ मध्ये, वर्धा जिल्ह्यातील वायगाव हळदीला ते मिळाले होते, आणि त्यानंतर २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील वसमत हळदीला मिळाले. स्पर्धेत ‘भौगोलिक मानांकन मिळालेली महाराष्ट्रातील हळद कोणती’ असा प्रश्न घातला तर तीन उत्तरे बरोबर धरावी लागतील, हे बाईंनी ध्यानात ठेवावे.

यार्डात मात्र जात विचारून सौदा होत नाही; हळकुंड मोडून होतो. खरेदीदार वक्कलासमोर आला की पोत्यातून दोन-चार हळकुंडे उचलतो, एक दुसऱ्यावर आपटून आवाज ऐकतो, आणि मग मोडतो. नीट शिजलेले व नीट वाळलेले हळकुंड आपटल्यावर टणक, जवळजवळ धातूसारखा आवाज देते आणि मोडल्यावर आतला भाग शिंगासारखा चकचकीत, गर्द नारिंगी दिसतो. शिजवणी कमी पडली असेल तर मध्ये फिकट, पिठूळ गाभा राहतो. जास्त शिजली असेल तर रंग काळपट मारतो. ओल राहिली असेल तर मोडताना कट्‌ असा आवाज न येता ते वाकून चिरते. मला हे शिकवणाऱ्या वडीलधाऱ्यांनी पहिले वर्षभर भाव बोलूच दिला नाही. रोज संध्याकाळी मोडलेल्या हळकुंडांची रास पुढ्यात घेऊन कोणते कशाने बिघडले ते सांगायला लावत.

शिजवण्याचा उल्लेख आला म्हणून येथेच सांगतो, कारण घरोघरी गृहिणींना हे ठाऊक नसते: बाजारातील हळद ही शिजवलेली असते. काढणीनंतर गड्डे आणि हळकुंडे वेगळी करून काहिलीत उकळतात. हल्ली बॉयलरच्या वाफेवर शिजवण्याची पद्धत आली आहे. वर फेस आला, हळदीचा ओळखीचा वास सुटला आणि बारीक काडी हळकुंडात सहज शिरली की शिजवणी झाली असे समजतात. शिजवल्याने आतील पिष्ट (स्टार्च) एकजीव होते, रंग सर्वत्र सारखा पसरतो, कोंब येण्याची शक्ती जाते आणि वाळवण लवकर होते. मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवून, फिरत्या पिंपात घासून वरची साल आणि मुळ्या काढतात, त्याला पॉलिश म्हणतात. १०० किलो ओल्या हळदीतून सुकी हळद साधारण २० किलोच हाती लागते. शेतकरी भावासाठी का झगडतो, ते या एका आकड्यात दिसते.

चौथा प्रश्न मुलांना सर्वांत आवडेल, कारण त्याचे उत्तर वर्गातच करून दाखवता येते. हळदीतील पिवळ्या रंगाचे मुख्य द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. १८१५ मध्ये युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी ते हळदीतून प्रथम वेगळे केले. सौम्य आम्लात आणि साध्या पाण्यात ते पिवळे राहते आणि अल्कलीत तांबूस लाल होते. कपडे धुण्याचा साबण अल्कलीयुक्त असतो, म्हणून पांढऱ्या शर्टावरचा आमटीचा डाग साबण लागताच लाल होतो. त्यावर लिंबू पिळले की तो पुन्हा पिवळा होतो. मुक्या मारावर लावायचा हळद-चुन्याचा लेप कालवताना लालभडक होतो, तोही याच नियमाने, कारण चुना अल्कलीच आहे. वर्गासाठी कृती अशी: थोडी हळद स्पिरिटमध्ये ढवळून गाळावी, त्यात टिपकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवाव्यात, आणि मग एकीवर साबणाचे पाणी, एकीवर चुन्याची निवळी, एकीवर लिंबाचा रस टाकून पाहावा. प्रयोगशाळांत हळदीचा कागद याच कामासाठी वापरला जात असे.

डाग काढण्याबाबत एवढेच सांगतो की कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून तर हळद फोडणीत घातली की भाजीला रंग चढतो आणि नुसत्या पाण्यात टाकली की तळाशी बसते. त्यामुळे आधी साबणाने तेल काढावे, लाल रंग पाहून घाबरू नये, भरपूर पाण्याने खळबळावे आणि कपडा कडक उन्हात वाळत घालावा. ऊन हा हळदीच्या रंगाचा वैरी आहे. जो डाग घासून जात नाही तो दोन-तीन दिवसांच्या उन्हात फिका पडून जातो. आणि हेच लक्षात ठेवून हळदीचा डबा मात्र उजेडापासून दूर ठेवावा. ओट्यावरच्या काचेच्या बरणीत मांडलेली हळद शोभेला छान दिसते, पण रंग आणि वास दोन्ही घालवते.

कुंकवाबद्दल बोलायचे तर पारंपरिक कुंकू खरोखरच हळदीपासून होते. हळकुंडाच्या तुकड्यांना लिंबाचा रस आणि टाकणखार (बोरॅक्स) यांची पुटे देऊन ते वाळवतात आणि मग कुटतात. टाकणखारातील बोरॉन आणि कर्क्युमिन यांचा आम्लाच्या संगतीत संयोग झाला की पक्का लाल रंग तयार होतो. साबणाचा लाल रंग लिंबाने परततो, कुंकवाचा लाल रंग लिंबाच्या साक्षीनेच तयार होतो. दोन्ही लाल दिसले तरी कारणे वेगळी आहेत, आणि हा फरक मोठी माणसेही चुकवतात. हळदी-कुंकू म्हणून ज्या दोन वस्तू आपण जोडीने देतो त्या मुळात एकाच गड्ड्याच्या दोन अवस्था आहेत, हे मला फार सुंदर वाटते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदी-कुंकू चालते, त्याच सुमारास आपल्याकडच्या शेतांत नव्या हळदीच्या काढणीची लगबग सुरू होते. आज बाजारातील पुष्कळसे कुंकू कृत्रिम रंगाचे असते, म्हणून कपाळाला खाज येत असेल तर हळदीच्या कुंकवाची चौकशी अवश्य करावी.

देवाच्या भंडाऱ्याचा उल्लेखही याच ठिकाणी करावा लागेल. खंडोबाला हळद वाहतात आणि तिला भंडारा म्हणतात. जेजुरी सर्वांना माहीत आहे, पण बाईंच्या विद्यार्थ्यांना सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्यातले पाल अधिक जवळचे. तेथे पौषात खंडोबा आणि म्हाळसा यांच्या लग्नाची यात्रा भरते आणि सारे गाव पिवळे होते. संस्कृतात हळदीला हरिद्रा म्हणतात, आणि अमरकोशात रात्रीची नावे हळदीलाही लागू होतात असे सांगितले आहे. म्हणून निशा आणि रजनी हे हळदीचेही पर्याय आहेत. शब्दांच्या फेरीसाठी हा प्रश्न उत्तम आहे. म्हणींच्या फेरीत ‘पी हळद आणि हो गोरी’ आणि ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’ या दोन घालता येतील.

पाचवा प्रश्न भेसळीचा असून तो लेकराबाळांच्या पोटाशी निगडित आहे, म्हणून सावधपणे लिहितो. हळदीत स्वस्त पीठ मिसळणे ही फसवणूक आहेच, परंतु खरा धोका मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग आणि शिशाचे क्रोमेट यांचा आहे. शिशाचे क्रोमेट पिवळेधमक असते आणि निकृष्ट हळकुंडाला चकाकी आणण्यासाठी ते वापरले गेल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. शिसे शरीरात साठत जाते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा करते, त्यामुळे या बाबतीत थोडेसे चालते असे म्हणता येत नाही. घरी करता येण्याजोगी साधी कसोटी अशी की पेलाभर पाण्यात चमचाभर हळद वरून सोडावी आणि न ढवळता थोडा वेळ ठेवावी. शुद्ध हळद तळाशी बसते आणि वरचे पाणी फिकट पिवळे राहते. कृत्रिम रंग असेल तर सगळे पाणी गडद पिवळे होते. अखंड हळकुंडही पाण्यात टाकून पाहावे; त्याचा रंग लगेच सुटून पाणी पिवळे झाले तर ते घेऊ नये.

आयोडीन टाकून निळा रंग आला म्हणजे पीठ मिसळले आहे, असे सांगणारे संदेश फिरतात. तसे नाही. हळदीत मूळचेच भरपूर पिष्ट असते, त्यामुळे शुद्ध हळदही निळी होईल. हायड्रोक्लोरिक आम्लाची कसोटीही अर्धवट सांगितली जाते. तीव्र आम्लात शुद्ध हळदीलाही गुलाबी छटा येऊ शकते. पाणी घातल्यावर ती छटा गेली तर हळद ठीक, टिकून राहिली तर मेटॅनिल यलोचा संशय. ही कसोटी प्रयोगशाळेवरच सोपवावी, स्वयंपाकघरात आम्ल आणू नये. माझा स्वतःचा सल्ला जुनाच आहे: वर्षाची हळद हळकुंडाच्या रूपात घ्यावी, मोडून पाहावी, ऊन द्यावे आणि डोळ्यांसमोर दळून आणावी. फार झळाळणाऱ्या, बोटाला लगेच रंग देणाऱ्या हळकुंडापेक्षा थोडे मातकट दिसणारे हळकुंड मी केव्हाही पसंत करीन.

सहाव्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या कृतीवर १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना त्याला आव्हान दिले. पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो, आणि हा उपयोग नवा नाही हे दाखवण्यासाठी जुने ग्रंथ व छापील लेख पुरावा म्हणून सादर करण्यात आले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले. येथे मुलांना एक बारकावा जरूर सांगावा: पेटंट हळदीवर नव्हते, हळदीच्या एका वापरावर होते. ‘अमेरिकेने हळद पळवली’ असे विधान प्रश्नपत्रिकेत येऊ नये. आणि आजीला हे माहीत होते, एवढ्याने काम भागले नसते. लिहून ठेवलेला, तारीख असलेला पुरावा लागला. अशा पारंपरिक ज्ञानाची नोंद पेटंट तपासणाऱ्यांना सापडावी, यासाठी पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभारण्यास सुरुवात झाली.

बाईंच्या पत्त्यावर तीन पुड्या वेगळ्या पाठवत आहे. एकीत राजापुरी हळकुंडे, दुसरीत सेलम आणि तिसरीत गट्टा, म्हणजे ज्या मूळ गड्ड्याला ही हळकुंडे फुटतात तो. पुड्यांवर नावे लिहिलेली नाहीत. मुलांना आधी मोडू द्यावीत, आतला रंग पाहू द्यावा आणि मगच नावे विचारावीत. राजापुरीच्या पुडीत एक हळकुंड मुद्दाम कमी शिजलेले घातले आहे. फिकट गाभ्यावरून ते जो शोधून काढील, त्याला दोन गुण जास्त द्यावेत.